बाकी तसेच, बारापर्यंत

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाण्यांवर पोट भरलं. विद्यापीठात लोकगीतांची प्राध्यापक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. गाणी गोळा करायची, त्यांना क्रमांक द्यायचे, एकाच गाण्याचे आठ गावचे आठ पाठ एकाखाली एक मांडायचे आणि कुठला शब्द कुठे बदलला त्यावर तळटीप लिहायची, हा माझा धंदा. तुम्हाला स्वतःला गाता येतं का बाई, असं दरवर्षी एखादा आगाऊ पोरगा विचारायचाच. मी म्हणायचे, डॉक्टरला आधी आजारी पडावं लागतं का रे? वर्ग हसायचा. आता सांगते ते मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही.

माझी आई क्वितेरिया मयताला गाणारी होती. सेर्रोते नावाचं आमचं गाव सेआराच्या कोरड्या मुलखात आहे. फोर्तालेझाहून दहा तास बस, मग मिळेल त्या गाडीच्या मागे बसून खडखडत पुढे. तिथे कोणी गेलं की आधी आईला बोलावणं यायचं, पाद्री मागाहून. प्रेताजवळ बसून ज्या विनवण्या गायच्या त्यांना आम्ही इन्सेलेन्सा म्हणतो. एकजण आघाडीला गाते, बाकीच्या बायका झील धरतात. आघाडीला आई आणि झिलेला दामियाना, ही जोडी आसपासच्या सगळ्या वस्त्यांना ठाऊक होती. दामियाना आईची जिवाभावाची, आणि बाप्तिस्म्याला मला हातावर धरणारी. म्हणून मी तिला मादिन्या म्हणते, आणि भेटली की आधी आशीर्वाद मागते; त्याच नात्याने आई आणि ती एकमेकींच्या कोमाद्रे.

या गाण्यांचे दोन नेम. एक, घरात मयत असल्याशिवाय तोंडातून काढायची नाहीत, नाहीतर मरण ते ऐकून घर शोधत येतं. दुसरा, प्रत्येक इन्सेलेन्सा बारा कडव्यांची, आणि एकदा सुरू केली की बारा पुरी करायचीच. कारण पहिला शब्द कानावर पडताच मायमाउली मारिया स्वर्गात गुडघे टेकते, आणि बारावं कडवं संपेपर्यंत तिला उठता येत नाही. मध्येच थांबलात तर ती गुडघ्यांवरच राहते, आणि ज्याच्यासाठी गायलं तो जीव उंबऱ्यात अडकतो.

सगळ्यात जड ती निरोपाची, प्रेत घरातून उचलताना गायची. ती सुरू होण्याआधी पोरांना ओढ्याच्या पलीकडे नेऊन बसवतात, जाणाऱ्याने जाता जाता एखादं पोर बरोबर नेऊ नये म्हणून. बाराव्या वर्षी मी शहरात नन्सच्या शाळेत गेले. वडील वारले तेव्हा माझी बस पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. आमच्याकडच्या उन्हात कोणी कोणासाठी थांबत नाही. म्हणजे बघा, माझ्या आईचं निरोपाचं गाणं मी उभ्या जन्मात एकदाही पुरतं ऐकलेलं नाही. आणि माझी डॉक्टरेट त्याच गाण्यावर आहे.

सन त्र्याऐंशी. दुष्काळाचं पाचवं वर्ष होतं. प्राध्यापक तेओफिलो माझे मार्गदर्शक. भला माणूस, हे मी आजही म्हणेन. पांढरे बूट घालून यायचे आणि धुळीची तक्रार करायचे नाहीत. त्यांना घेऊन मी गावी गेले. बरोबर एक जडच्या जड टेपयंत्र आणि टेपची फक्त दोन रिळं. आईने यंत्र बघितलं आणि विचारलं, "मेलंय कोण?"

"कोणी नाही, आई. यांना ऐकायचंय."

"मग यांना सांग, कोणी मरेपर्यंत थांबा म्हणावं. कॉफी आहे घरात."

तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी मी रडले, अगदी हुंदके देऊन. म्हटलं, माझी पदवी जाईल, सख्ख्या आईकडून हिला एक गाणं आणता आलं नाही म्हणून लोक तोंडात शेण घालतील. आई बराच वेळ पीठ चाळत राहिली. मग आत गेली आणि जेनिवालमामाची चामड्याची टोपी घेऊन आली. मामा साओ पाउलोला बांधकामावर गेला होता, आदल्या वर्षी परांचीवरून पडून तिकडेच मेला आणि तिकडेच पुरला गेला. त्याला कोणी गायलं नव्हतं. आईने बाकावर पांढरं फडकं अंथरून त्यावर टोपी ठेवली आणि दामियानाला बोलावून आणलं. दामियानाचं कोणे एके काळी जेनिवालशी लग्न ठरलं होतं. ती टोपीकडे बघत उभी राहिली, मग आईच्या डाव्या अंगाला बसली.

मी यंत्र सुरू केलं. आईने डोळे मिटले.

एक विनवणी निघाली, मायमाउली ऐक गं.
जीव दारी उभा आहे, त्याला वाट दाखव गं.

पहिली ओळ आईची, दुसरी झिलेची. दुसऱ्या कडव्यात दोन विनवण्या, तिसऱ्यात तीन. बाकी शब्द तेच. प्राध्यापकसाहेब मांडीवर वही घेऊन लिहीत होते. तिसरं कडवं संपता संपता त्यांनी माझ्याकडे बघून हात आडवा फिरवला. रीळ कमी उरलं होतं, त्यांना कापूस वेचायची गाणीही हवी होती, आणि नमुना तर कळलाच होता. मी बटण दाबलं.

खटका वाजला तशी आई थांबली. तिने थांबायला नको होतं. पण यंत्र तिच्या लेकीचं, तिला वाटलं मला काही सांगायचंय. दामियाना म्हणाली, "चौथी घे, कोमाद्रे."

"पुरे, पुरे, फार सुंदर," प्राध्यापक म्हणाले. "बाकी तसंच असणार, बारापर्यंत. आता ते कापसाचं होईल का?"

"चौथी घे," दामियाना पुन्हा म्हणाली. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि मी काय म्हणावं? म्हणाले, "आई, त्यांना वेळ नाहीये गं."

दामियाना उठली. टोपीला हात लावून बोटं कपाळाला लावली आणि निघून गेली. त्या दिवसानंतर त्या दोघी एका घरात पुन्हा कधी गायल्या नाहीत, एकमेकींशी बोलल्यासुद्धा नाहीत. आईने कापसाचं गाणं म्हटलं. उन्हं उतरल्यावर ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली, टोपी मांडीवर घेतली आणि उरलेली नऊ कडवी एकटीने, हलक्या आवाजात पुरी केली. मी शेजारच्या खोलीत बोळ्याने यंत्र पुसत होते. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दारापर्यंत चार पावलं होती. मी म्हटलं, आकडेच तर बदलतात. डोंबल माझं शिक्षण!

पुढे पुस्तक निघालं. पान एकशे सोळावर ती तीन कडवी, शेजारी सुरावट, खाली बारीक अक्षरात 'बाकी तसेच, बारापर्यंत.' गायिका म्हणून आईचं नाव, वय, गाव. परीक्षकांनी शाबासकी दिली. वाचता न येणाऱ्या आईने ते पान हाताने चाचपलं आणि पुस्तक देवाच्या फळीवर ठेवून दिलं.

मग वर्षं गेली. झील धरणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, काही पोरांच्या मागे शहरात, काही स्मशानात. उरलेल्या नव्या पंथाच्या प्रार्थनाघरात जायला लागल्या. तिथे मेलेल्यासाठी गाणं पाप समजतात. झिलेवाल्यांना तसंही दुसरी ओळच यायची. आघाडीचे शब्द आघाडीवालीचे. आईचा आवाज वयाच्या ऐंशीच्या आतच बसला. तेव्हा चर्चमधल्या सात-आठ पोरींनी हौसेने पुढाकार घेतला. त्यांना कोणीतरी माझ्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून दिल्या होत्या. मला ते कळलं तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू! गावाचं गाणं गावाला परत दिलं, असं मी तीन ठिकाणी भाषणात सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी नाताळात घरी होते. शेजारचा म्हातारा वारला, पोरी गायला आल्या, आम्ही दोघी आमच्या अंगणातून ऐकत होतो. आई म्हणाली, "हे कुणाचं गाणं?"

"तुझंच की."

"माझं नाही."

"आई, शब्द न शब्द तुझा आहे. मी लिहून घेतलाय."

"तीन लिहून घेतलेस," ती म्हणाली. "चौथ्यापासून माणूस घराचा निरोप घेतो. चुलीचा, रांजणाचा, शेळ्यांचा. शेवटी माणसांचा. तसाच उठून चालायला लागेल का कोणी? ही पोरं बघ, बारा वेळा मोजतात नि हाकलतात बिचाऱ्याला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

"आता विचारते. सांग."

"सांगायची गोष्ट आहे का ती? सुरावाचून ते येत नाही, आणि मयतावाचून सूर काढायचा नाही. एकदा तुझ्यासाठी टोपीपुढे बसले, तेवढं पुरे झालं." मग पोरींचं गाणं संपल्यावर म्हणाली, "लिंदाल्वा, माझ्या वेळी ते पुस्तकातलं नको हं. मला नीट घालवा."

"हो आई," मी म्हणाले. आणि पुढच्या सुट्टीत नीट यंत्र घेऊन येते, काहीतरी मार्ग काढू, असंही म्हणाले. पुढच्या सुट्टीत लिस्बनला परिषद होती. त्याच्या पुढच्या सुट्टीत माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध. लाज वाटते सांगायला, पण त्या परिषदेत मी आईच्याच गाण्यावर बोलले आणि 'चौथ्या कडव्यापासून पाठभेदाची शक्यता' अशी एक ओळ टाकून टाळ्या घेतल्या.

यंदा फेब्रुवारीत आईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी शहरातलं घर बंद करून सेर्रोतेला येऊन राहिले. भावजय निल्दा आईचं सगळं करायची, मी मध्ये मध्ये लुडबुड करायचे. आईला समजत सगळं होतं. डोळ्यांनी हसायची, रागवायची. एके दुपारी निल्दा कपडे धुवायला गेली होती, तेव्हा मी आईच्या कानाशी तोंड नेलं. वाचा गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात, हे मला माहीत होतं. त्यावरही वाचलंय मी. हळूच सुरुवात केली, "चार विनवण्या निघाल्या..." आणि थांबले, की पुढचं ती उचलेल.

आईने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर घट्ट दाबून धरला. घरात मयत नव्हतं ना. केवढी ताकद होती त्या हातात! डोळ्यांत नुसती भीती होती, स्वतःसाठी नाही, घरासाठी. मी तिचा हात हातात घेऊन "चुकले, चुकले" म्हणत राहिले.

मग उरली एकच. दामियाना. अठ्ठ्याऐंशीची, ओढ्यापलीकडे नातीकडे राहणारी. चाळीस वर्षांत मी तिच्या दारात गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळाची ढेप आणि कॉफीची पुडी घेऊन गेले. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

"आशीर्वाद दे, मादिन्या."

"देव तुझं भलं करो," तिने सवयीने म्हटलं, मग डोळे बारीक करून बघितलं. "कोण, डॉक्टरीणबाई? आमच्या धुळीत?"

"मी लिंदाल्वा."

"ते दिसतंय. म्हातारी झालीस की! नन्सनी असंच सुकवून पाठवलं की विद्यापीठाने?" तिने शेंगांची परडी माझ्याकडे सरकवली. "बस. हात चालव. कोमाद्रे कशी आहे?"

सांगितलं. ती ऐकत राहिली, सोलायची थांबली नाही. मग मी आल्याचं कारण काढलं. "आईला निरोप द्यायला तू हवीस, मादिन्या. आघाडीला. पोरींच्या हाती तिला नाही द्यायची. मी तिला शब्द दिलाय, बारा पुरी होतील म्हणून."

"मी झिलेची."

"पण तुला आघाडीचं येतं ना? तिच्या शेजारी बसून तीस वर्षं ऐकलंस."

"येतं का म्हणून काय विचारतेस? झोपेतून उठवून विचार. तिसरीनंतर चौथी, अकरावीनंतर बारावी, एका शब्दाला अडखळणार नाही." मग मान वर न करता म्हणाली, "यंत्र आणलंयस पिशवीत?"

"नाही."

"बघू." तिने खरंच माझ्या पिशवीत हात घालून बघितलं. तेवढा हक्क तिचा होता. "यंत्रापुढे मी गात नाही. आणि मयतावाचूनही नाही. कोमाद्रे गेली की माणूस पाठव, मी येईन. तोवर तिला म्हणावं, घाई करू नकोस."

"माझ्यावर राग आहे अजून, मादिन्या?"

"होता. फार वर्षं होता. जेनिवाल उंबऱ्यात उभा दिसायचा मला." तिने झग्याला हात पुसले. "मग निघाला राग. त्याचं मी नंतर पुरं केलं, नीट केलं. जा आता, ऊन चढतंय."

मी घरी आले ती हलकी होऊन. आईच्या खाटेशी बसून सांगितलं, "दामियाना येणार आहे. तुझ्यासाठी. सगळी बारा." आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने माझा हात चाळीस वर्षांत घेतला नव्हता तसा गालाला लावून धरला. त्या दिवसापासून ती शांत झाली. जेवण कमी केलं. निल्दा म्हणायची, तुम्ही काय सांगितलंत त्यांना, आता कशाची वाटच बघत नाहीत. मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम मी धड केलं.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी पहाटे आई झोपेतच गेली.

निल्दाने आणि मी तिला धुतलं, हनुवटीला फडकं बांधलं, बाहेरच्या खोलीत टेबलावर निजवलं. भावाने दामियानाकडे मोटरसायकल पाठवली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी काळा झगा घालून, एका अंगाने बसून, चालवणाऱ्याला शिव्या घालत आली. उतरली ती थेट टेबलापाशी गेली. आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "मला न सांगता निघालीस ना शेवटी? बरं, बरं. भांडण मिटलं समज." चर्चमधल्या पोरी कागद घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, कागद घडी करून ठेवा, आज आघाडीला दामियानाबाई, तुम्ही फक्त झील. पोरींनी मान डोलावली. नऊ वाजेपर्यंत बाकीची गाणी झाली. मग ओढ्यापलीकडे पोरांना नेलं, चार माणसं टेबलाच्या चार कोपऱ्यांना उभी राहिली, आणि दामियाना आईच्या डोक्याशी गेली.

माझ्याकडे यंत्र नव्हतं, वही नव्हती. मी ठरवलंच होतं. चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा नुसती ऐकायला उभी होते, आईच्या पायांशी.

एक विनवणी निघाली. म्हातारीचा आवाज चिरका, पण सूर पक्का. दोन. तीन. आता चूल, मी म्हटलं. आता आई चुलीपुढे उभी राहील.

"चार विनवण्या निघाल्या, मायमाउली ऐक गं."

पोरींनी झील दिली. मला वाटलं, आईची मोजणी चुकली असेल, पाचव्यापासून असेल. पाचवं आलं, पाच विनवण्या निघाल्या. माझ्या डोक्यातली ती जुनी प्राध्यापिका अजून मेली नव्हती. ती म्हणत होती, बदल सहाव्यापासून, नोंद कर. सहा. सात. दामियाना ताठ उभी होती, डोळे मिटलेले, प्रत्येक शब्द नाणं वाजवावं तसा स्वच्छ. आठ. नवव्याला मला कळलं. ओरडावंसं वाटलं, थांब, हे नव्हे, हे तिचं नव्हे! पण थांबवता येत नव्हतं. सुरू झालेली इन्सेलेन्सा मी एकदा मोडली होती. आज टेबलावर टोपी नव्हती, आई होती. तोंडावर रुमाल दाबून मी दहावं ऐकलं, अकरावं ऐकलं. बाराव्याला माणसांनी आईला उचललं आणि बारा विनवण्या मोजून झाल्यावर दाराबाहेर नेलं. ती कोणाचाच निरोप न घेता गेली.

बायका मागे निघाल्या. दामियानाला तेवढं चालवत नव्हतं, ती भिंतीशी खुर्चीत बसली, धापा टाकत. मी तिच्यापुढे जमिनीवरच बसले.

"मादिन्या, चूल?"

"कसली चूल?"

"चौथ्यापासून. चुलीचा निरोप, रांजणाचा, शेळ्यांचा. आई म्हणायची ना."

"अगं, ते!" ती हसली. "ते चुकीचं होतं ना. आमचं आपलं अडाण्यांचं गाणं. माझ्या नातीने तुझ्या पुस्तकातलं वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एवढी वर्षं तुझ्यावर धुमसत होते, की हिने मध्येच यंत्र का बंद केलं. आम्ही चुकणार होतो म्हणून केलंस! तू एवढी शिकलेली, तुला कळत होतं. आईला चारचौघांत बोलायचं कसं, म्हणून गप्प राहिलीस. बरोबर ना?"

मी मान खाली घातली, तिला तो होकार वाटला.

"मग मी ते बरोबरचं शिकले. सोपं नाही हं, या वयात. जुनं सारखं मध्ये घुसायचं. सगळा उपासाचा महिना मी रोज देवापुढे बसून ते मनातून काढून टाकलं, एकेक ओळ. जेनिवालच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगितली आणि त्याच्यासाठी नव्याने बारा गायले. तेव्हा कुठे तो दिसायचा थांबला."

"आणि जुनं, मादिन्या? थोडंसुद्धा आठवत नाही? एखादी ओळ?"

तिने खरंच आठवून बघितलं. ओठ हलले. मग आईच्या रिकाम्या टेबलाकडे बघत तिने मान हलवली. "नाही गं पोरी. नीट काढलंय. मुळासकट."

बाहेरून भावाने हाक मारली, माणसं ओढ्यापर्यंत पोचली होती. मी उठायला लागले तसा दामियानाने माझा हात धरला. तिचा चेहरा पहिल्यांदाच घाबरल्यासारखा दिसला.

"तू शेवटपर्यंत ऐकत होतीस, म्हणून विचारते. बरोबर झालं ना सगळं? कोमाद्रेच्या वेळी चुकायचं नव्हतं मला. एखादा शब्द इकडचा तिकडे नाही ना झाला?"

"नाही, मादिन्या," मी म्हणाले. "पुस्तकात आहे तसंच झालं, अगदी तसंच."

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि डोकं भिंतीला टेकलं. मी आईच्या मागे चालायला लागले.